लाडाने बुडवलेलं लॅव्हेंडर

प्रश्न: रोज पाणी घालूनही कुंडीतलं लॅव्हेंडर खालून काळं पडतंय. काय चुकतंय? आणि फुलं आलीच तर घरात कशी वापरू?

उत्तर: ‘घालूनही’ नव्हे, घातल्यामुळेच! माझी पहिली दोन रोपं मी अशीच लाडाने बुडवली. उपटली तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाची. आता मातीत एक तृतीयांश जाड वाळू मिसळते, कुंडी निदान सहा तास उन्हात ठेवते आणि मातीत दोन इंच खुपसलेलं बोट कोरडं निघालं तरच पाणी देते. खत जवळजवळ नाहीच. खताने पानं माजतात, फुलं रुसतात.

निम्मी फुलं उमलली की देठासकट कापून जुडी अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगा. वाळलेल्या कळ्यांची सुती पुरचुंडी लोकरी कपड्यांत ठेवा, कसर दूर ठेवायला थोडीफार मदत होते. वास मंदावला की पुरचुंडी चुरगाळायची, पुन्हा दरवळते. छाटताना मात्र खालच्या लाकडी फांदीला हात लावू नका. तिथून सहसा फुटवा येत नाही.