ओव्हरक्लॉक करू का? – वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात ओव्हरक्लॉकिंगचेच (म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवण्याचे) प्रश्न जास्त आलेत, परीक्षा संपल्या वाटतं. प्रिंटर आणि वायफायवाल्यांनी जरा थांबा, तुमचं पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : दादा, माझ्याकडे रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड, १६ जीबीची एकच रॅम स्टिक (३२०० वाली) आणि १४४ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर आहे. कूलर बॉक्समधलाच. व्हॅलोरंट आणि सीएस२ खेळतो, मधून मधून सायबरपंक २०७७. सीएस२ मध्ये सगळे एका जागी भिडले की गेम अडकत अडकत चालतो. मामा म्हणतो त्याच्या काळात ओव्हरक्लॉक करून फुकटात दीडपट स्पीड मिळायचा. दुकानदार म्हणतो लिक्विड कूलर घे, मी प्रोसेसर ४.६ गीगाहर्ट्झवर सेट करून देतो. करू का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : नको. पैसे खिशात ठेव आणि आधी पूर्ण वाच.

मामा थापा मारत नाहीये बरं का. १९९८ ला इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला होता, ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्तातला प्रोसेसर, प्रोसेसरचा स्पीड म्हणजे बोर्डावरच्या बसचा स्पीड गुणिले मल्टिप्लायर, त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर लॉक होता पण बोर्डावरची बस ६६ वरून १०० वर नेली की ३०० चे थेट ४५० व्हायचे, म्हणजे त्या वेळच्या सगळ्यात वरच्या पेंटियम २ एवढे, आणि तो पेंटियम सेलेरॉनपेक्षा कितीतरी महाग होता. २०११ चा आय५ २५००के पण तसलाच, डब्यावर ३.३ गीगाहर्ट्झ लिहिलेलं आणि बऱ्यापैकी एअर कूलर लावला की बरेचसे ४.५ ला आरामात चालायचे. कारण सोपं आहे, फॅक्टरीतून चिप चांगल्याच निघत होत्या पण स्वस्त माल पण विकायचा असतो, म्हणून चांगल्या चिपवर पण कमी आकडा छापून विकायचे. ती शिल्लक मामासारखे लोक काढून घ्यायचे.

आता ती शिल्लक कंपनी स्वतःच वापरून टाकते. तुझ्या ५६०० च्या डब्यावर बेस क्लॉक ३.५ लिहिलाय, पण गेम चालू झाला की तो टेंपरेचर, करंट, व्होल्टेज बघून आपोआप ४.४ पर्यंत जातो, तुला काही करावं लागत नाही. म्हणजे दुकानदार ४.६ म्हणतोय ते ३.५ पासून मोजायचं नाही, ४.४ पासून मोजायचं. झाले साडेचार टक्के. १०० एफपीएसचे (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जास्तीत जास्त १०४, आणि ते पण गेम पूर्णपणे प्रोसेसरवरच अडलेला असेल तर. डोळ्याला कळणार नाही, मामाला पण नाही.

आणि ते फुकट नसतं. चिप किती वीज खाते ते साधारण व्होल्टेजच्या वर्गाला क्लॉकने गुणून वाढतं. समज ४.६ टिकवायला व्होल्टेज १.२ वरून १.३ करावं लागलं, तर हिशोब केलास की साधारण २३ टक्के जास्त वीज, म्हणजे तेवढीच जास्त उष्णता, साडेचार टक्क्यांसाठी. त्यात तू अकोल्यात. यूट्यूबवर टेस्ट करतात ती माणसं एसीच्या खोलीत बसलेली असतात, कूलर एअर असो नाहीतर लिक्विड, खोलीच्या हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही, खोलीत ४० असेल तर प्रोसेसर पण त्यांच्यापेक्षा तेवढाच जास्त तापणार. डिसेंबरात टेस्ट पास झालेला ओव्हरक्लॉक मे महिन्यात ऐन मॅचमध्ये निळा स्क्रीन दाखवतो, मग लोक गेमला शिव्या घालतात. शिवाय ओव्हरक्लॉकमुळे चिप गेली तर वॉरंटीत बसत नाही, इंटेलमध्ये पण नाही आणि एएमडीमध्ये पण नाही.

आता मुद्द्याचं. गेम अडकतो तेव्हा तुझा प्रोसेसर हळू चालतोय म्हणून अडकत नाही, बऱ्याचदा तो रिकामा बसलेला असतो. कुणाची वाट बघत? रॅमची. गेमला लागणारी माहिती कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) नसली की ती रॅममधून आणावी लागते आणि त्याला साधारण ७०-८० नॅनोसेकंद जातात. ऐकायला काहीच नाही वाटत, पण ४.४ गीगाहर्ट्झवर ७५ नॅनोसेकंद म्हणजे ३३० सायकल (क्लॉकचे ठोके) नुसत्या वाट बघण्यात. ४.६ केलंस तर ३४५ सायकल वाट बघशील, नॅनोसेकंद तेवढेच. घड्याळ फास्ट केलं म्हणून रॅममधला माल लवकर येत नाही ना!

हे पटत नसेल तर एएमडीचा ५८००एक्स३डी बघ, २०२२ ला आला. त्याचा बूस्ट ४.५, साध्या ५८००एक्सचा ४.७. कमी क्लॉकवाला असून बहुतेक गेममध्ये तोच पुढे, कशामुळे तर ३२ च्या ऐवजी ९६ एमबीचा एल३ कॅश, म्हणजे रॅमपर्यंत जायची वेळच कमी येते. आणि गंमत म्हणजे त्याचा मल्टिप्लायर एएमडीने लॉकच करून दिला होता. गेमिंगसाठी त्या वेळचा त्यांचा सगळ्यात भारी प्रोसेसर आणि ओव्हरक्लॉक बंद, यातच काय ते आलं.

म्हणून तुझं खरं दुखणं म्हणजे ती एकटी स्टिक. ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देऊ शकते, दोन लावल्या की ड्युअल चॅनल होऊन ५१.२. आणि तुझी ३२०० वर तरी चालतीये का ते बघ आधी, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे स्पीड २४०० नाहीतर २६६६ दिसला तर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर छापलेल्या स्पीडला चालवणारं सेटिंग, चालूच केलेलं नाही. असेंबल करून देणारे हे विसरतात, विसरतात म्हणजे काय, बघतच नाहीत. तर तसलीच, त्याच मॉडेलची अजून एक स्टिक घे, बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लाव, एक्सएमपी ऑन कर. सीएस२ सारख्या प्रोसेसरवर अडणाऱ्या गेममध्ये याचा फरक ४.६ पेक्षा कितीतरी मोठा दिसेल, सरासरी एफपीएस सोड, ते मधले झटके कमी होतील जे तुला खरे त्रास देतायत. (नियमाने बघितलं तर एक्सएमपी पण ओव्हरक्लॉकच धरतात, पण स्टिक त्याच स्पीडला टेस्ट करून विकलेली असते, एवढा धोका चालतो.)

सायबरपंकचं वेगळं. तिथे आफ्टरबर्नर (कार्डावरचा लोड दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघ, ग्राफिक कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल तर प्रोसेसरला कितीही पळव, उपयोग शून्य. लाटणारी कितीही भराभर लाटेल, तवा एकच असला तर पोळ्या तेवढ्याच निघणार. अजून एक सोपी टेस्ट, रेझोल्युशन ७२० ला आण, एफपीएस वाढले तर अडचण कार्डाची, नाही वाढले तर प्रोसेसर नाहीतर रॅमची. आणि एक फालतू वाटेल अशी गोष्ट, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर १४४ वर आहे का बघ. कितीतरी जण १४४ चा मॉनिटर घेऊन ६० वर खेळत बसलेले असतात.

एवढं सगळं करून पण हात शिवशिवत असतील तर उलटं कर, व्होल्टेज वाढवण्याऐवजी कमी कर. रायझनच्या ५००० सिरीजमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणून सेटिंग आहे, बी४५० च्या बहुतेक नव्या बायोसमध्ये मिळतं, सगळ्या कोअरला निगेटिव्ह १० देऊन बघ. गरम कमी होतो, आणि गरम कमी झाला की ४.४ वर जास्त वेळ टिकतो. फक्त याचा घोळ फुल लोडवर कळत नाही, पीसी नुसता पडलेला असताना अचानक रिस्टार्ट झाला तर समज जास्त झालं, ५ वर ये.

प्रश्न : माझ्या मुलाची बारावी झाली आणि त्याला गेमिंगसाठी कॉम्प्युटर हवा आहे. त्याने लिहून दिलेल्या यादीत आय५ १४६००के, झेड७९० मदरबोर्ड आणि लिक्विड कूलर आहे. दुकानात म्हणाले की १४४००एफ आणि बी७६० मध्ये बरेच पैसे वाचतील. मुलगा म्हणतो मग ओव्हरक्लॉक करता येणार नाही. मला यातलं काही कळत नाही, काय करावं?
– एक पालक, नाशिक

उत्तर : मुलगा म्हणतोय ते बरोबर आहे आणि तरीही दुकानदाराचं ऐका (असं मी फार वेळा म्हणत नाही). इंटेलमध्ये ओव्हरक्लॉक करायला दोन्ही लागतात, नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड चिपसेटचा बोर्ड, नुसता 'के' घेऊन बी७६० वर बसवला तर मल्टिप्लायर हलत नाही, ही फसगत खूप जणांची होते. वर 'के' वाल्याच्या डब्यात कूलर येत नाही, तो वेगळा घ्या, १४४००एफ च्या डब्यात येतो. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, कूलर असे तीन ठिकाणी जास्तीचे पैसे, आणि बदल्यात काय तर वर अकोल्याच्या मुलाला सांगितलं ते चार-पाच टक्के. हेच पैसे ग्राफिक कार्डात घाला, एक पायरी वरचं कार्ड आलं तर मुलाला पहिल्याच दिवशी फरक दिसेल, आणि यादीवरून होणारं भांडण पण मिटेल.

१४६००के वाईट आहे असं नाही, ओव्हरक्लॉक न करता पण तो १४४००एफ पेक्षा फास्टच आहे, बजेट मोकळं असेल तर घ्या. पण मग एक लक्षात ठेवा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले वरचे प्रोसेसर काहीही न छेडता खराब होत होते, गेम बंद पडायचे, २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केलं की चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं, मग मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. १४६००के त्या यादीत आहे. तेव्हा बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी नवीन बायोस टाकून घ्या, डबा आणि बिल जपून ठेवा, आणि चिरंजीवांना सांगा की कंपनीनेच आधी इतकं ताणलंय, अजून तू ताणू नकोस.

प्रश्न : सर, माझा आय५ ८६००के आहे, झेड३७० बोर्ड, टॉवर एअर कूलर, २०१८ पासून तसाच डिफॉल्टवर चालवतोय. नवीन पीसी दोन वर्षं तरी शक्य नाही. मी पण ओव्हरक्लॉक करू नये का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही करा की! सगळ्यांना नको नको म्हणत आलो पण तुमची केस वेगळी आहे. बोर्ड झेडचा, चिप 'के' ची, कूलर बरा, वॉरंटी तशीही कधीच संपली, म्हणजे नवीन खर्च काहीच नाही. सहाही कोअर कामाला लागले की हा प्रोसेसर ४.१ वर चालतो, तो ४.८ वर गेला तर १७ टक्के झाले, ही वाढ कळते. तेवढ्या जुन्या पिढीत अजून शिल्लक होती म्हणून हे जमतं.

पण घाई नको. आधी एक्सएमपी चालू आहे का बघा. मग सगळ्या कोअरचा मल्टिप्लायर ४५ (म्हणजे ४.५ गीगाहर्ट्झ), व्होल्टेज १.२५ च्या आसपास फिक्स, ऑटोवर अजिबात सोडू नका, ऑटोवर बोर्ड वाटेल तेवढं व्होल्टेज ओततो. अर्धा-एक तास सिनेबेंच किंवा ओसीसीटी (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी टेस्ट) चालवा, टिकलं तर ४६, नाही टिकलं तर व्होल्टेज थोडंसं वर, असं करत करत. १.३५ च्या वर मी तरी जाणार नाही, आणि टेस्टमध्ये ८५ डिग्री ओलांडली की तिथेच थांबायचं, कितीवर थांबलात ते महत्त्वाचं नाही, एखादी चिप ५.० ला जाते, एखादी ४.७ ला मान टाकते, नशिबाचा भाग आहे. या पिढीत वरच्या झाकणाखाली सोल्डरऐवजी साधी पेस्ट आहे म्हणून हा प्रोसेसर जरा जास्तच तापतो, काही जण झाकण उचकटून लिक्विड मेटल भरतात, तुम्ही नका करू, दोन वर्षं काढायचीत ना अजून. नुसती वरची थर्मल पेस्ट बदला, २०१८ ची आता वाळून खडखडीत झाली असेल. आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लोकल कंपनीचा असेल तर आधी तो बदला, नाहीतर यातलं काहीच करू नका.

प्रश्न : गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो का? माझा खेळताना ९५ डिग्रीला जातो आणि एफपीएस पडतात.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ९५ ला जातोय आणि अजून तापवायचा विचार करताय? बहुतेक लॅपटॉपमध्ये ते लॉकच असतं, आणि तुमच्याकडे उघडं असलं तरी उपयोग नाही कारण तो आत्ताच उष्णतेने स्वतःचा स्पीड कमी करतोय, एफपीएस त्यामुळेच पडतायत. पंखे आणि जाळी साफ करून घ्या, वर्षं झाली असतील तर पेस्ट बदलून घ्या, मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा, गादीवर ठेवून खेळू नका. गेममध्ये एफपीएसला स्क्रीनच्या हर्ट्झएवढी मर्यादा लावा, उगाच जादाचे फ्रेम काढण्यात तापणार नाही. आणि चार्जर लावून खेळताय ना? बॅटरीवर प्रोसेसर आणि ग्राफिक दोघांची वीज मुद्दाम कमी केलेली असते, तिथे तक्रार करून काही होणार नाही.