आजी आडनाव का विचारते

लाडक्या चिकू,

परवा व्हिडिओ कॉलवर तू आजीला नव्या मित्राचं नाव सांगितलंस, तर तिचा लगेच पुढचा प्रश्न, "आडनाव काय गं त्याचं?" फोन ठेवल्यावर तू विचारलंस, आपल्यात आडनावावाचून गप्पा पुढे का सरकत नाहीत? मी "सवय असते" म्हणून टाळलं. सवय खरीच. पण आडनावावरून जातीचा अंदाज येतो, आणि कुणाला ओसरीवरच थांबवायचं, कुणाला स्वयंपाकघरापर्यंत येऊ द्यायचं, हे त्या अंदाजावर ठरायचं.

शनिवारी आपण 'हूप ड्रीम्स' (१९९४) हा अमेरिकन माहितीपट पाहिला ना, त्यातल्या आर्थर एजीला कुणी आडनाव विचारत नाही. तो शिकागोच्या वेस्ट साइडचा कृष्णवर्णीय मुलगा. बास्केटबॉलच्या जोरावर दूर उपनगरातल्या, बहुतेक गोऱ्या मुलांच्या खासगी शाळेत जातो. फी थकते आणि दुसऱ्याच वर्षी ती शाळा सुटते. मग वस्तीतलं मार्शल हायस्कूल. शाळांतली वर्णावरून होणारी फाळणी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९५४ सालीच बेकायदा ठरवली होती. पण शाळा पत्त्यावरून मिळते, आणि १९३०च्या दशकात सरकारी नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवून तिथलं घरकर्ज अवघड करून ठेवलं होतं. त्यात शाळेचा बराच खर्च घरपट्टीतून. मला मात्र सगळ्यात आवडली आर्थरची आई. घरची वीज तोडलेली, तरी नर्सिंग असिस्टंटच्या वर्गात पहिली येते. तिथे मी रडले, तू पॉपकॉर्न खात होतीस!

आपला 'फँड्री' (२०१३) सिनेमा आठव. त्यातल्या दलित जब्याला शाळा बुडवून डुक्कर धरायला जावं लागतं, आणि वर्गातली मुलं बघून हसतात. तिथला वर्ण आणि आपली जात यांचं हे नातं जोतिबा फुल्यांना फार आधी दिसलं होतं. १८७३ साली त्यांनी जातीच्या जाचावरचं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना.

आता एक कबुली. हे घर घेताना बाबांनी आणि मी आधी शाळेचं रेटिंग पाहिलं, ओटा नंतर. त्या रेटिंगच्या हद्दीत कोण राहतं नि कोण नाही, हे दोघांनाही दिसत होतं. बोललं कुणीच नाही. त्यामुळे आजीला नावं ठेवायला माझी जीभ जरा अडखळते.

रविवारी तिचा फोन येईल. पुन्हा आडनाव विचारलं तर तूच विचार, "आजी, कशाला गं हवंय तुला?" आधी चिडेल. मग सांगेल.

तुझी,
आई