रुडयार्ड किपलिंगचे दोन्ही आजोबा 'फिरते पाळक' होते असं वाचलं. म्हणजे नेमकं काय? पगार, घर, मुलांच्या शाळा यांचं कसं चालायचं?

'फिरता पाळक' म्हटलं की आपल्याला बोलावणं येईल तिथं जाणारा कीर्तनकार आठवतो. ते चित्र आधी पुसून टाका. हा प्रकार एस.टी.च्या ड्यूटी चार्टच्या जास्त जवळचा होता. कुणी, कधी, कुठं उभं राहायचं ते तीन महिन्यांचं आधीच छापून यायचं.

रेव्हरंड जोसेफ किपलिंग आणि रेव्हरंड जॉर्ज ब्राउन मॅकडोनल्ड हे दोघंही इंग्लंडमधल्या वेस्लियन मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे धर्मगुरू, म्हणजे पाळक. त्यांची फिरती दुहेरी होती. एक मोठं गाव आणि भोवतालच्या खेड्यांतली चॅपलं, म्हणजे पंथाची प्रार्थनागृहं, मिळून एक 'सर्किट' व्हायचं. त्यात दोन-तीन पाळक नेमलेले असत, त्यातला ज्येष्ठ तो सुपरिटेंडेंट. ही मंडळी बारा महिने सर्किटात फिरायची. आणि वर्षा-दोन वर्षांनी, फार तर तिसऱ्या वर्षाअखेर, सर्किटच बदलायचं, बायकापोरांसकट.

तीनच वर्षं का, याचं कारण कायदेशीर आहे. पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने १७८४ साली एक दस्त करून ठेवला. आपल्यामागे चॅपलं कुणाच्या ताब्यात राहतील, हे ठरवण्यासाठी शंभर प्रचारकांची (पाळकांना तेव्हा असंच म्हणत) परिषद त्याने त्यात नेमली, आणि एकाच प्रचारकाला एका चॅपलवर सलग तीन वर्षांपेक्षा जास्त नेमायचं नाही असं कलमही घातलं. त्यामुळे लोकांना माणूस कितीही आवडला तरी त्याला ठेवून घेता येत नसे. वेस्लीचं स्वतःचं म्हणणं असं की एका जागी वर्षभर बोललो तर मीही झोपेन आणि ऐकणारेही.

छापील तक्त्याला 'प्लॅन' म्हणत. एक मोठा कागद. डावीकडे वरून खाली चॅपलांची नावं, वर आडव्या ओळीत तिमाहीतले रविवार. बाजूला माणसांची यादी, प्रत्येकाला क्रमांक: सर्वांत वर पाळक, मग स्थानिक उपदेशक ज्येष्ठतेनं, शेवटी उमेदवार. चौकटीत नाव नसे, नुसता आकडा. ७ दिसला की यादीतला सातवा माणूस त्या रविवारी तिथं जाणार. आकड्याशेजारी बारीक अक्षरं असत: एस म्हणजे त्या दिवशी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी), टी म्हणजे सभासदांची तिकिटं (त्यांच्याबद्दल पुढे), एल म्हणजे प्रीतिभोजन (सभासदांचं एकत्र खाणं आणि प्रार्थना). प्रभुभोजनाला पाळकच लागायचा. दोन-तीन पाळक आणि पंधरा-वीस चॅपलं म्हटल्यावर तेवढे रविवार आधी बसवावे लागत. उरलेल्या चौकटी स्थानिक उपदेशक भरत. हे कुणी मोची, कुणी विणकर, कुणी शेतकरी. विनामोबदला, बहुधा पायी. हे लोक नसते तर ही पद्धत महिनाभरही टिकली नसती. पाळकांची चरित्रं वाचताना हे सहज निसटतं.

पाळकाचं खरं फिरणं आठवड्याच्या मधल्या दिवसांत. संध्याकाळी खेड्यात प्रवचन, रात्री कुणाच्या तरी घरी मुक्काम. घोड्याच्या काळात प्रचारकांना नियमच होता की घोड्याला खरारा, चारा आणि गवताचं अंथरूण मिळालं की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, यजमानाच्या गड्यावर सोडायचं नाही. माणसाच्या अंथरुणाबद्दल असा नियम नव्हता. पाहुण्यांची बंद खोली, दमट चादरी, त्याआधी पावसातली रपेट. छातीची दुखणी यातूनच लागायची.

पगार हा शब्द ते वापरत नसत. 'भत्ता' म्हणत: कामाचा मोबदला नव्हे, पोटापुरतं. पैसा यायचा सभासदांकडून. दहा-बारा जणांचा एक 'क्लास'. दर आठवड्याला माणशी एक पेनी. ही कल्पना १७४२ साली ब्रिस्टॉलमध्ये एका कॅप्टनने चॅपलचं कर्ज फेडायला सुचवली. सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर मी भरीन, असं तो म्हणाला. पुढे तिमाही तिकिटाचा एक शिलिंगही धरला जाऊ लागला. तिकीट म्हणजे तळहातावर मावेल असा कागद: बायबलमधलं वचन, तिमाहीचं अक्षर आणि शाईनं लिहिलेलं सभासदाचं नाव. ते द्यायला पाळक दर तिमाहीला प्रत्येक क्लासमध्ये जायचा आणि एकेकाशी बोलायचा.

हिशोब सोपा आहे. बारा पेनीचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. वर्षाच्या ५२ पेनी आठवड्याच्या आणि ४८ तिकिटांच्या, एकूण १०० पेनी एका सभासदामागे. वेस्लीच्या काळी प्रचारकाचा भत्ता वर्षाला १२ पौंड, म्हणजे २८८० पेनी. त्याच्या एकट्याच्या भत्त्याला २९ सभासद लागले. बायकोचा भत्ता, मुलं, घर, घोडा, टोल हे वेगळंच. एकोणिसाव्या शतकात रकमा वाढल्या, पण रचना तीच राहिली. गिरणी बंद पडली की आठवड्याच्या पेन्या आटायच्या आणि तिमाही बैठकीत कारभाऱ्यांना, म्हणजे सर्किट स्टुअर्डना, खिशात हात घालावा लागायचा.

यातली सर्वांत वाईट गोष्ट मुलांची. खर्च सर्किटावर पडत असल्यामुळे लेकुरवाळा पाळक सर्किटांना नकोसा व्हायचा. यावर एकोणिसाव्या शतकात 'मुलांचा निधी' निघाला. प्रत्येक सर्किटानं सभासदसंख्येच्या प्रमाणात पैसे भरायचे, त्यांच्याकडे पाळकाची मुलं असोत वा नसोत, आणि मुलं जिथं असतील तिथं निधीतून रक्कम जायची. माझ्या मते या पंथानं केलेली ही सर्वांत शहाणी आर्थिक सोय.

घर सर्किटाचं, सामानासकट. पलंग, टेबलं, भांडी यांची यादी असायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या वेळी कारभारी ती ताडून बघायचे. कुटुंब ऑगस्टअखेर निघायचं ते कपडे, पुस्तकं आणि फार तर एखादं आवडतं कपाट घेऊन. संसार हलका राहायचा हे खरं. पण पाळक थकून निवृत्त झाला किंवा मधेच वारला, की घरही गेलं आणि खाटही. पन्नाशीतल्या विधवेनं पहिल्यांदाच स्वतःचं पातेलं विकत घ्यायचं. म्हातारे प्रचारक, विधवा आणि मुलं यांच्यासाठी निधी १७६३ पासून होता. तो पुरायचा नाही.

लग्नही मनाला येईल तेव्हा नाही. चार वर्षांची उमेदवारी संपून परिषदेनं पूर्ण सदस्य करून घेईपर्यंत अविवाहित राहायचं.

शाळेची सोय फक्त मुलग्यांना. वेस्लीने १७४८ मध्ये ब्रिस्टॉलजवळ काढलेली किंग्जवुड पुढे पाळकांच्या मुलांसाठी राखली गेली, आणि १८१२ मध्ये लीड्सजवळ वुडहाउस ग्रोव्ह निघाली. वसतिगृहाची शाळा, बाप कुठल्याही गावी बदलला तरी वर्ग तुटत नसे. रुडयार्डचे वडील जॉन लॉकवुड वुडहाउस ग्रोव्हचेच. मुली मात्र घरी किंवा त्या त्या गावात मिळेल त्या शाळेत. मॅकडोनल्डांच्या मुलींची जन्मगावं पाहा: अॅलिस १८३७ शेफील्ड, जॉर्जियाना १८४० बर्मिंगहॅम, लुइसा १८४५ मँचेस्टर. अॅलिस रुडयार्डची आई. लुइसाचा मुलगा स्टॅन्ली बॉल्डविन पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. या बहिणींचा भाऊ फ्रेडरिक पाळक झाला, बर्स्लेम गावी नेमला गेला, आणि लॉकवुड तिथल्याच एका मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात होता. अॅलिसची आणि त्याची गाठ १८६३ मध्ये रुडयार्ड तळ्याकाठच्या सहलीत पडली. १८६५ च्या मार्चमध्ये लग्न, मग मुंबई, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला तळ्याचं नाव घेतलेला मुलगा.

आपल्याकडच्या मेथडिस्ट मंडळ्यांत बदल्यांची यादी बिशप जाहीर करतो, म्हणून गोंधळ होतो. ती अमेरिकन शाखेची रीत. मिशनरी विल्यम टेलर १८७१ च्या अखेरीस मुंबईत आला, त्याच्याबरोबर आलेली. इंग्लंडच्या वेस्लियनांत बिशप नव्हते. तिथं परिषदेच्या समितीचा मसुदा फिरायचा, आणि शेवटचं वाचन होईपर्यंत गाव बदलू शकायचं.

तुम्ही वंशावळ शोधत असाल तर परिषदेच्या वार्षिक इतिवृत्तात दर वर्षीच्या नेमणुका गावानुसार छापलेल्या असतात. तिथं एकच चूक नेहमी होते: वर्ष सप्टेंबर ते ऑगस्ट धरायचं. लॉकवुड जुलै १८३७ मध्ये पिकरिंगला जन्मला. बापाची ती नेमणूक १८३६ च्या यादीत शोधायची, ३७ च्या नाही.