तक्ते नंतर, आधी काम

प्रिय मित्रा,

तुझ्या आदिवासी मुलांच्या शाळेसाठी केलेला आराखडा वाचला. पूर्वजांच्या ज्ञानाचा सप्ताह, त्यात पारंपरिक वेशभूषा, नृत्य, औषधी वनस्पतींचे तक्ते आणि शेवटी आजी-आजोबांचा सत्कार. हौस दिसते, पण मी याला स्नेहसंमेलन म्हणेन. ज्या आजीला शाल देणार, तिला वर्गात शिकवायला मिळतंय कुठे?

सप्ताह काढून टाक. त्या मुलांच्या समाजात आजही चालू असलेलं एखादं काम निवड आणि ते मुलांकडून अथपासून इतिपर्यंत करून घे.

मेक्सिकोतला मका बघ. तिथल्या घरांत मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर भिजू देतात, सकाळी धुऊन वाटतात. जमलं की नाही हे दाणा बोटांत चोळून कळतं. साल सुटली पाहिजे. एवढ्या एका कृतीत सामू (पीएच) आला, कॅल्शियम आलं, वजन-मापं आली. एका भांड्यात चुना, दुसऱ्यात नुसतं पाणी ठेवलं की प्रश्न मुलंच विचारतात. (चुना मात्र मोठ्यांनीच हाताळायचा.) मग इतिहास. मका युरोपात गेला, चुन्याची रीत मागे राहिली. या रीतीमुळे मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. तिच्याविना निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा, म्हणजे नियासिनच्या अभावाचा आजार, पसरला. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्यांनी तो आजार १७३५ मध्ये टिपला, आणि नियासिनचा धागा हाती यायला १९३७ उजाडलं. ही गोष्ट ऐकलेलं मूल आपल्या आजीच्या टोपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल की नाही?

आता भाषा. काम चालू असताना बोलणं आजीच्या भाषेत, पहिली नोंदही त्याच भाषेत. शाळेची भाषा आणायची ती ज्याला यातलं काही माहीत नाही अशा माणसाला सांगायची वेळ येईल तेव्हा: दुसऱ्या गावच्या शाळेला पत्र, आरोग्य केंद्राला अहवाल. ओळीखाली ओळ भाषांतर करून घेऊ नकोस. मुलं सोपी ओळ वाचतात, दुसरी सोडून देतात. छापील पुस्तकाची वाटही पाहू नकोस. मेक्सिकोच्या २००८ च्या अधिकृत सूचीत ६८ भाषासमूह आणि त्यांची ३६४ रूपं आहेत. छापलेलं रूप तुझ्याच मुलांच्या घरचं असेल, याची खात्री कोण देणार? त्यांच्या वह्यांचंच पुस्तक करा.

खरी अडचण गुणांची. आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीनं शिकण्याचा आदिवासींचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात कलम १४ मध्ये आहे, पण गुणपत्रकात त्याला रकाना नाही. तो तू आख. दाणा नीट शिजला का, हे आजीनं ठरवायचं आणि तिचा शेरा तुझ्या शेऱ्याइतकाच धरायचा. मुख्याध्यापक कुरकुरतील. कुरकुरू देत.

आणि विचारल्याशिवाय काहीही इंटरनेटवर टाकू नकोस. मेक्सिकोतून नेलेल्या पिवळ्या घेवड्यावर १९९९ मध्ये एका अमेरिकनानं पेटंट मिळवलं. ते पुरतं रद्द व्हायला २००९ साल लागलं. म्हणून औषधी वनस्पती पहिल्या वर्षी नकोतच. तिथं काय सांगायचं आणि काय नाही, हे आधी जाणत्यांना ठरवू दे. तोवर बियाणं, विणकाम, पाणी यांपैकी त्यांना काय शिकवायला आवडेल ते विचारून कळव. वेळापत्रक मग बसवू.

तुझा,
जुना सहकारी