‘सगळं येत होतं, पेपरात सुचलं नाही’

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात देते.

‘मुलगा ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीत गेला. बायॉलॉजी घेतलंय, पुढे मेडिकलचा विचार आहे. शाळेत शेवटपर्यंत सगळ्या विषयांत ए. अभ्यासाला बस, असं कधी म्हणावं लागलं नाही. गेल्या आठवड्यात पहिल्या मिडटर्मचे मार्क आले. केमिस्ट्रीत ५४, बायॉलॉजीत ६१. फोनवर धड बोलत नाही. एवढंच म्हणाला, आई, मला सगळं येत होतं, पेपरात सुचलं नाही. त्याचे बाबा म्हणतात, मोबाइल आणि मित्र, दुसरं काय! मला तसं वाटत नाही, पण मग चुकतंय कुठे तेही कळत नाही. आम्ही दोघं पुण्यात शिकलो, इथल्या कॉलेजची पद्धत आम्हाला ठाऊक नाही. काय करू?’

ताई, तुमचा मुलगा खरं बोलतोय, हे आधी त्याच्या बाबांना सांगा. मी इथल्या एका कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये बरीच वर्षं काम केलंय. दर ऑक्टोबरमध्ये हे वाक्य माझ्या कानावर यायचं, आणि ते म्हणणारी मुलं आळशी नसायची. ज्यानं पुस्तक उघडलेलंच नसतं त्याला आपलं काय झालं ते पक्कं माहीत असतं. ‘येत होतं’ असं म्हणतो तो रात्री दोनपर्यंत वाचत बसलेला मुलगा.

असाच एकजण माझ्यासमोर बसला होता. घर मूळचं सांगलीकडचं, त्यामुळे आम्ही मराठीतच बोलत होतो. त्याची बायॉलॉजीची वही पाहिली. पिवळा, गुलाबी, हिरवा, एकही ओळ कोरी नव्हती. मी वही मिटली, कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, पेशीच्या पडद्यातून काय आत जातं, काय जात नाही आणि का, एवढं लिही. त्यानं ‘फॉस्फोलिपिड बायलेयर’ लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि पेन तसंच धरून राहिला. मिनिटभरानं म्हणाला, ‘पण मला पान दिसतंय हो. उजवीकडे खाली आकृती आहे, तिच्याखालचं गुलाबी केलंय.’ पान त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण पानावर काय लिहिलंय ते त्याला सांगता येत नव्हतं.

वाचलेलंच पुन्हा वाचलं की ते ओळखीचं वाटतं, आणि ओळख पटली की मन म्हणतं, आलं. हा धोका नुसत्या अनुभवाचा नाही, तो मोजून पाहिलेला आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांनी एक उतारा चार वेळा अभ्यासला. काहींनी एकदाच अभ्यासला आणि मग तीन वेळा तो न बघता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तर चित्र उलटं! वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कोणाला जास्त होती? वाचणाऱ्यांनाच. तुमच्या मुलाचं दुखणं मला या आकड्यांत दिसतं.

म्हणून त्याला पहिली गोष्ट ही सांगा. लेक्चर झालं की त्याच संध्याकाळी वही मिटून कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहायचं. पंधरा मिनिटं पुरतात. मग वही उघडायची आणि राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनानं भरायचं. हा दुसरा रंग म्हणजेच त्याचा खरा अभ्यासक्रम. दोन दिवसांनी तेच पुन्हा, रविवारी पुन्हा. दर वेळी दुसरा रंग कमी होत जातो आणि ते बघून मुलाला धीर येतो. पहिल्या दोनतीन वेळा फार वाईट वाटतं, कागद रिकामा राहतो. त्यालाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो ‘ही पद्धत मला जमत नाही’ म्हणून पुन्हा हायलायटरकडे वळेल. केमिस्ट्रीची गणितंही तशीच. उत्तर समोर ठेवून ‘हो, बरोबर’ म्हणत वाचलेलं गणित सोडवल्यात जमा नाही. चॅटबॉटकडून समजावून घेतलं तरी तेच. तो समजावतो तेव्हा सगळं पटतं. त्यापेक्षा त्याला प्रश्न विचारायला लावावं आणि उत्तरं आपण द्यावीत.

हे आपल्याला परकं नाही, ताई. आपल्या आज्या पाढे वाचून घेत नसत, म्हणून घेत. मधूनच भाजी निवडताना विचारायच्या, सात सक? अडलं की पुन्हा पहिल्यापासून. घोकंपट्टी म्हणून आपण ते सगळंच टाकून दिलं. न समजता घोकणं वाईटच होतं, पण न बघता म्हणून दाखवणं आणि रोजची उजळणी ही त्यातली सोन्यासारखी गोष्ट होती. तीसुद्धा आपण सोबत आणली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तासांचा हिशोब. बाबांना मोबाइलचा जो संशय येतोय त्याचं उत्तर बहुधा यात आहे. इथे एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तास काम, हे प्रमाण सरकारी व्याख्येतच धरलेलं आहे. १५ क्रेडिट घेतले की वर्गात १५ आणि बाहेर ३०, असे ४५ तास. पूर्ण वेळच्या नोकरीपेक्षा जास्त. शाळेत दिवसाचे सहासात तास वर्गातच जायचे, गृहपाठ तपासला जायचा, दर आठवड्याला लहानशी क्विझ असायची. अभ्यासाची शिस्त शाळा लावत होती, श्रेय आपण मुलाला देत होतो. कॉलेजात मंगळवारी दोन लेक्चर झाली की दुपार मोकळी दिसते, आणि त्याला ती सुट्टीच वाटते. तेव्हा त्यानं आठवड्याचं वेळापत्रक कागदावर मांडावं आणि त्या ३० तासांना लेक्चरसारखीच जागा आणि वेळ द्यावी. मंगळवार दोन ते चार, लायब्ररी, तिसरा मजला, केमिस्ट्री, इतकं नेमकं. खोलीत, पलंगावर बसून अभ्यास होत नाही. फोन बॅगेत, आवाज बंद करून.

नापास झाल्यासारखा वाटणारा तो मिडटर्मचा पेपर फेकू देऊ नका. पेपर मुलांकडे परत देत नसतील तर प्राध्यापकांकडे जाऊन बघता येतो. प्रत्येक चुकीपुढे त्यानं लिहावं, हे मला माहीतच नव्हतं, की माहीत होतं पण वापरता आलं नाही, की प्रश्न नीट वाचला नाही. तिन्हींचे उपाय वेगळे. शाळेतून हुशार म्हणून आलेल्या मुलांच्या बहुतेक चुका मी मधल्या रकान्यात पाहिल्या आहेत. शाळेत व्याख्या विचारतात, इथे नवीन परिस्थिती देऊन ‘आता काय होईल’ असं विचारतात.

तो पेपर घेऊन त्यानं ऑफिस अवर्सना जावं. प्राध्यापक किंवा टीए, म्हणजे त्यांना शिकवायला मदत करणारे वरचे विद्यार्थी, ठरलेल्या वेळी मुलांसाठीच बसलेले असतात, तरी आपली मुलं जात नाहीत. ‘सरांना त्रास देऊ नये’ हे आपणच त्यांच्या मनात घातलंय. गेल्यावर ‘मला काही समजलं नाही’ असं म्हणू नये. ‘सातव्या प्रश्नात इथपर्यंत आलो, पुढे अडलो’ असं म्हणावं, म्हणजे दहा मिनिटांत काम होतं. ट्यूटरिंग सेंटरही असतंच, बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे नसतात. काही विद्यापीठांत सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शनचे वर्ग असतात. तोच कोर्स आधी चांगला पार केलेला विद्यार्थी पुन्हा लेक्चरला बसतो आणि नंतर मुलांकडून करून घेतो. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ मध्ये हे सुरू झालं, आणि कठीण कोर्ससाठीच ते काढलेलं आहे. तिथे जाणं म्हणजे कमीपणा, हे खूळ त्याच्या डोक्यात असेल तर ते तुम्हीच काढा.

आता तुमच्याबद्दल. शाळेत पालकांच्या लॉगइनमधून तुम्हाला मार्क दिसत होते. मूल कॉलेजात गेलं की १९७४ च्या फर्पा या शैक्षणिक नोंदींच्या कायद्यानं त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. प्राध्यापकांना ईमेल करू नका. उत्तर आलं तरी ‘मुलालाच बोलू द्या’ असंच येईल, आणि मुलाची मान खाली जाईल. त्यानं मार्क स्वतःहून तुम्हाला सांगितले, ही फार मोठी गोष्ट आहे. ती खिडकी उघडी राहू द्या. फोनवर ‘किती पडले?’ विचारू नका. ‘या आठवड्यात काय शिकलास, मला समजेल असं सांग’ म्हणा. आणि मराठीत सांगू दे. इंग्रजी व्याख्या जशीच्या तशी म्हणता येते. मराठीत सांगायची तर आधी ती समजावी लागते.

माझ्या घरी हे रविवारी सकाळी व्हायचं, तिकडे पुण्यात संध्याकाळ असायची. एकदा माझी आई, म्हणजे मुलीची आजी, व्हिडिओ कॉलवर काकडीची कोशिंबीर करत होती. तिनं सहज विचारलं, मीठ आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं, ते का गं? मुलगी त्याच आठवड्यात ऑस्मोसिस शिकली होती. ती तीनदा अडखळली, ‘थांब आजी’ म्हणाली, वही बघून आली आणि मग सांगितलं. बाहेर खारट, आत कमी खारट, म्हणून पाणी पेशीतून बाहेर येतं. आजी म्हणाली, मग लोणच्याच्या फोडीसुद्धा त्यानंच आकसतात का? तो प्रश्न मुलीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता, आणि त्याचं उत्तर तिला वही न बघता देता आलं.

एक तातडीचं काम. कोर्स सोडून ग्रेडऐवजी नुसता डब्ल्यू, म्हणजे ‘विथड्रॉ’, असा शेरा घेण्याची शेवटची तारीख विद्यापीठाच्या कॅलेंडरवर असते, ती त्याला आजच बघायला सांगा. केमिस्ट्रीच्या सिलॅबसमध्ये मिडटर्मला किती टक्के वजन आहे तेही पाहावं. २० टक्के असेल तर अजून ८० टक्के त्याच्या हातात आहेत, आणि मार्क कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या बाकीच्यांच्या तुलनेत, देत असतील तर ५४ चा अर्थ वर्गाची सरासरी कळल्याशिवाय लावता येत नाही. निर्णय त्यानं ॲडव्हायझरशी बोलून घ्यावा, तुम्ही फक्त तारीख चुकू देऊ नका. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी येईल तेव्हा पहिला दिवस त्याला पोटभर झोपू द्या, आवडीचं करून घाला. दुसऱ्या दिवशी जेवणाचं टेबल आवरून त्यावर कोरे कागद आणि दोन रंगांची पेनं ठेवा. फायनल तिथून साधारण दोन आठवड्यांवर असते.