फिलिपाइन्समधल्या विसाया बेटांवरचे जुने देव आणि आत्मे कोणते?

एकच ठरलेली देवमालिका तिथे नव्हती. पनाय, नेग्रोस, सेबू अशा बेटाबेटांवर नावं बदलतात. स्पॅनिश अधिकारी मिगेल दे लोआर्का यानं 1582 मध्ये लिहून ठेवलेली माहिती सर्वात उपयोगी, अर्थात ती परक्याच्या नजरेची आहे हे ध्यानात ठेवून वाचावी.

त्याच्या नोंदीत काप्तान हा देव वेळू लावतो आणि त्यातून पहिला पुरुष सिकालाक व पहिली स्त्री सिकाबाय बाहेर येतात. मागवायेन मृतांचे आत्मे होडीतून परलोकी नेते. नेग्रोसच्या ज्वालामुखीत लालाहोन देवी राहते. पिकासाठी तिला आळवतात, कोपली तर ती टोळधाड पाठवते. मला सर्वात विलक्षण वाटतो तो सिदापा. पनायच्या डोंगरावरच्या उंच झाडावर तो नवजात बाळाच्या आयुष्याची खूण करतो; माणसाची उंची त्या खुणेला टेकली की मरण.

रोजच्या जगण्यात मात्र या मोठ्या देवांपेक्षा पूर्वजांचे आत्मे, म्हणजे उमालागाद, जास्त जवळचे. प्रवासाला किंवा लढाईला निघताना त्यांना हाक मारत. आजारपणात बाबायलान, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारी पुजारीण, बहुधा एखादी वयस्कर बाई, डुकराचा बळी देऊन आत्म्यांशी बोलणी करायची.