जर्मनीतील प्रवेश : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

परदेशी शिक्षणाविषयी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे जर्मनीविषयी आहेत. म्हणून या अंकातील सदर त्या एकाच देशाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सांगली येथे यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. आतापर्यंतचा माझा सीजीपीए ७.४ आहे. जर्मनीत एम. एस. करण्याची इच्छा आहे. एका सल्लागार संस्थेने दीड लाख रुपयांत ‘प्रवेशाची हमी’ देऊ केली आहे. माझे गुण पुरेसे आहेत का, आणि संस्थेची मदत न घेता मला अर्ज करता येईल का?

उत्तर : अर्ज तुम्हाला स्वतःला करता येईल, आणि तो तुम्ही स्वतःच करावा असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेशाची हमी कोणतीही खासगी संस्था देऊ शकत नाही, कारण निर्णय विद्यापीठाची प्रवेश समिती घेते. ‘हमी’ हा शब्द ऐकू आला की ती संस्था कोणत्या विद्यापीठांची नावे पुढे करते ते आधी पाहावे. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, त्यामुळे तेथून मध्यस्थाला दलाली मिळण्याचा मार्ग जवळजवळ नसतो. दलाली मिळते ती वर्षाला हजारो युरो शुल्क घेणाऱ्या खासगी संस्थांकडून. खासगी असणे हा दोष नव्हे, परंतु ‘जर्मनीत शिक्षण मोफत’ असे सांगून बोलावलेल्या विद्यार्थ्याला शेवटी अशाच संस्थेचा अर्ज भरायला लावले जात असेल, तर ती फसवणूक आहे.

आता गुणांविषयी. जर्मन पद्धतीत १ ही सर्वोत्तम श्रेणी असून उत्तीर्ण होण्याची मर्यादा ४ आहे. आपले गुण त्या मापात आणण्यासाठी बव्हेरियन सूत्राची सुधारित आवृत्ती वापरतात : कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल गुण आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांतील फरकाने भागायचे, भागाकाराची तिप्पट करून त्यात १ मिळवायचा. कमाल १० आणि किमान ४ धरल्यास तुमच्या ७.४ ची श्रेणी २.३ येते. उत्तीर्णतेची मर्यादा ५ धरली, तर तेच गुण २.५६ होतात. अनेक अभ्यासक्रमांत २.५ ही पात्रतेची मर्यादा असते. म्हणजे गुण तेच असूनही एका आकड्यामुळे अर्ज मर्यादेच्या आत किंवा बाहेर जाऊ शकतो. यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा, घेताना त्यावर श्रेणीपद्धतीचा तक्ता आणि उत्तीर्णतेची किमान मर्यादा स्पष्ट छापलेली आहे ना, हे खिडकीवरून हलण्यापूर्वीच तपासावे. नसेल तर तसे स्वतंत्र पत्र परीक्षा विभागाकडून मागून घ्यावे.

तरीही माझ्या अनुभवाप्रमाणे नकार येतो तो कमी गुणांपेक्षा विषय जुळत नसल्यामुळे अधिक. आपल्याकडे पदवीचे नाव पाहिले जाते. जर्मन प्रवेश समिती त्या पदवीत तुम्ही गणित किती शिकलात, स्थितिगतिशास्त्र किती, ऊष्मागतिकी किती, असा हिशेब मांडते आणि तो युरोपीय श्रेयांकांत, म्हणजे ईसीटीएसमध्ये मांडते. तेथे पूर्ण वेळ अभ्यासाच्या एका वर्षाचे ६० श्रेयांक धरले जातात, म्हणून चार वर्षांच्या पदवीचे २४० होतात. तुमच्या पदवीचे एकूण श्रेयांक १६० असतील, तर ढोबळमानाने आपला एक श्रेयांक तेथील दीड श्रेयांकाइतका ठरतो आणि गणिताचा चार श्रेयांकांचा पेपर सहा श्रेयांकांचा होतो. अंतिम हिशेब प्रत्येक विद्यापीठ आपल्या पद्धतीने करते. परंतु अभ्यासक्रमाच्या पात्रता-नियमांत ‘गणिताचे किमान इतके श्रेयांक’ असे लिहिले असेल, तर अर्जावर पैसे खर्च करण्यापूर्वी हा अंदाज घरीच काढता येतो. प्रत्येक विषयाचा आशय, तासिका आणि श्रेयांक इंग्रजीत लिहून दहा-पंधरा पानांची पुस्तिका तयार करावी आणि विभागप्रमुखांची सही-शिक्का घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, आणि सल्लागार संस्था बहुधा तेच टाळतात.

अभ्यासक्रम शोधण्यासाठी जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेची, म्हणजे डीएएडीची, विनामूल्य सूची पुरेशी आहे. तेथून निवडलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन नियम वाचावेत. सूचीतील माहिती संक्षिप्त असते आणि अंतिम शब्द विद्यापीठाचाच असतो.

कामाचा क्रम मात्र चुकवू नये. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक झाले आहे. एपीएस हे नवी दिल्लीतील केंद्र तुमची शैक्षणिक कागदपत्रे खरी आहेत का ते तपासते. त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. अनेक विद्यापीठे प्रवेश-अर्जासोबतच हे प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे ‘आधी प्रवेश मिळू दे, मग एपीएस करू’ हा विचार महागात पडतो. शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही काही अटींवर अर्ज करता येतो. त्या अटी एपीएसच्या संकेतस्थळावर वाचून तुम्ही आताच सुरुवात करावी.

त्यानंतर युनि-असिस्ट. बर्लिनमधील ही संस्था अनेक विद्यापीठांच्या वतीने परदेशी कागदपत्रांची छाननी करते. एका सत्रासाठी पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि पुढील प्रत्येक अर्जाचे ३० युरो असे तिचे शुल्क आहे. काही विद्यापीठांना संपूर्ण अर्ज तिच्यामार्फत लागतो. काहींना तिच्याकडून फक्त व्हीपीडी नावाचे प्राथमिक मूल्यांकनपत्र हवे असते आणि मुख्य अर्ज विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो. व्हीपीडी मिळण्यास कित्येक आठवडे जातात आणि विद्यापीठाची मुदत त्यासाठी थांबत नाही. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्राची सर्वसाधारण मुदत १५ जुलै असली, तरी परदेशी अर्जदारांसाठी ती बऱ्याच ठिकाणी मार्च ते मे या काळातच संपते. एप्रिलमधील उन्हाळी सत्राची मुदत बहुधा १५ जानेवारी असते, परंतु त्या सत्रात प्रवेश देणारे अभ्यासक्रम कमी असतात.

प्रश्न : मुलाला स्टुटगार्टला प्रवेश मिळाला आहे. व्हिसासाठी जवळजवळ १२,००० युरो एका खात्यात भरावे लागतील असे तो म्हणतो. शिक्षण मोफत असेल तर हे पैसे कशाचे? व्हिसा नाकारला गेला तर ते बुडतील का? (एक पालक, रत्नागिरी)

उत्तर : आपली काळजी समजण्यासारखी आहे. हे पैसे शुल्काचे नाहीत. विद्यार्थी वर्षभर स्वतःचा खर्च भागवू शकतो याचा तो पुरावा आहे. ब्लॉक्ड अकाउंट नावाच्या या खात्यात सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो दाखवावे लागतात. मुलगा जर्मनीत पोहोचून तेथे बँक खाते उघडतो, तेव्हा त्यातून दरमहा ९९२ युरो त्याला मिळू लागतात. रक्कम त्याचीच असते, फक्त ती एकदम काढता येत नाही. व्हिसा नाकारला गेल्यास नकाराचे पत्र दाखवून खाते बंद करता येते आणि सेवाशुल्क वगळता पैसे परत मिळतात. शैक्षणिक कर्जातूनही ही रक्कम भरता येते. बँकेशी बोलताना मात्र कर्जाच्या मंजुरीपत्रात निर्वाहखर्चाचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. केवळ ‘शिक्षणशुल्क’ असे लिहिलेले असले, तर रक्कम वितरित करताना शाखेत अडचण येते.

शिक्षण मोफत असल्याविषयी आपल्या बाबतीत एक दुरुस्ती करावी लागेल. स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तेथे २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो शिक्षणशुल्क आहे. कार्ल्सरूह आणि हायडेलबर्ग ही शहरे त्याच राज्यात येतात. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४-२५ पासून असे शुल्क लावले असून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ते सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे. याखेरीज सर्वत्र सत्रवर्गणी आणि आरोग्यविमा असतोच. दोन वर्षांच्या चार सत्रांचे ६,००० युरो आपल्या अंदाजपत्रकात आजच धरावेत.

व्हिसाविषयी आणखी एक गोष्ट. नकाराविरुद्ध त्याच कार्यालयाकडे फेरविचार मागण्याची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करणे किंवा जर्मन न्यायालयात जाणे एवढेच मार्ग उरतात. म्हणून पहिला अर्ज पूर्ण आणि निर्दोष हवा. नावाचे स्पेलिंग पासपोर्ट, गुणपत्रिका आणि बँकेची कागदपत्रे यांवर तंतोतंत एक आहे का, हे आपण स्वतः समोर बसून पाहावे.

प्रश्न : मी नांदेडची असून अनुसूचित जातीच्या प्रवर्गात येते. घरची परिस्थिती बेताची आहे. शिष्यवृत्तीशिवाय जाणे अशक्य आहे. कोठे अर्ज करू?

उत्तर : दोन सरकारी योजना सर्वप्रथम पाहाव्यात. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. दोन्हींत शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानप्रवास यांचा खर्च मिळतो, म्हणजे तुम्हाला हवा तसा पूर्ण आधार आहे. केंद्राच्या योजनेत १२५ जागा असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, पदवीला किमान ६० टक्के आणि वय ३५ च्या आत अशा अटी आहेत. दोन्ही योजनांत जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असलेलेच विद्यापीठ चालते. येथे जर्मनीच्या बाबतीत विशेष जपावे लागते, कारण तेथील अनेक उत्तम उपयोजित-विज्ञान विद्यापीठे संशोधनावर आधारलेल्या या क्रमवारीत नसतातच. त्यामुळे तुमच्या यादीत क्रमवारीतील विद्यापीठे अधिक ठेवा आणि त्या वर्षीच्या जाहिरातीतील क्रमांकाची अट पाहूनच अर्ज भरा. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला आणि आयकर विवरणपत्रे जाहिरात येण्याआधी तयार हवीत, कारण जाहिरात आणि अंतिम तारीख यांत दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालण्याइतका वेळ मिळत नाही.

डीएएडीच्या शिष्यवृत्त्यांखेरीज हाइनरिश ब्योल, फ्रीडरिश एबर्ट आणि कोनराड आडेनावर ही राजकीय पक्षांशी जवळीक असलेली प्रतिष्ठाने परदेशी विद्यार्थ्यांनाही शिष्यवृत्ती देतात. ती सामाजिक कार्याला मोठे महत्त्व देतात, परंतु जर्मन भाषेची अपेक्षाही ठेवतात. प्रवेशानंतर डॉइचलांडश्टिपेंडियम ही शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यात दरमहा ३०० युरो असून निम्मे जर्मन केंद्र सरकार आणि निम्मे खासगी देणगीदार देतात. मात्र त्या भरवशावर घर सोडू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि पुढे १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते. शिष्यवृत्ती मागताना तुम्ही कोणाचे उपकार मागत नाही. हा पैसा तुमच्यासाठीच राखून ठेवलेला आहे, आणि अर्ज न आल्याने एखादी जागा रिकामी राहणे हे अधिक मोठे नुकसान आहे.

प्रश्न : एसओपीचे (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्राचे) नमुने इंटरनेटवर भरपूर मिळतात. त्यांत थोडे बदल करून पाठवले तर चालेल का? शिफारसपत्राबद्दल सरांनी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सांगितले आहे. (नागपूर)

उत्तर : नमुन्यात बदल केलेले पत्र पाठवू नये. ‘लहानपणापासून मला यंत्रांचे आकर्षण होते’ अशा वाक्याने सुरू होणारी पत्रे समितीपुढे ढिगाने येतात, आणि त्या वाक्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही. जर्मन विद्यापीठे या पत्रात बहुधा एक ते दोन पानांत नेमके उत्तर शोधतात : हाच अभ्यासक्रम का, यातील कोणते विषय तुम्हाला हवेत, आणि त्यांची तयारी तुम्ही कोठे केली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात काय बिघडले आणि ते तुम्ही कसे सोडवले, हे पाच वाक्यांत लिहिलेत तरी ते विशेषणांच्या पानभर मजकुरापेक्षा वजनदार ठरते. इंग्रजी साधे असले तरी चालेल.

शिफारसपत्राची पद्धत आपल्याकडे रूढ असली तरी ती योग्य नाही, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. सरांना नम्रपणे सुचवा की मी माझ्या कामाची टिपणे देतो, पत्र आपण आपल्या शब्दांत लिहावे. कोणत्या वर्षी कोणता विषय शिकवला, कोणते प्रयोग केले आणि कोणते गुण मिळाले, एवढे एका पानावर लिहून दिलेत, तर बहुतेक शिक्षक आनंदाने लिहितात. नाहीच म्हणाले तर प्रकल्पाच्या मार्गदर्शकांकडे किंवा जेथे इंटर्नशिप केली तेथील वरिष्ठांकडे जावे.

प्रश्न : मी मडगावला बारावी विज्ञान शाखेत आहे. बारावीनंतर थेट जर्मनीत पदवीसाठी जाता येते का?

उत्तर : केवळ बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असल्यास तांत्रिक विषयांसाठी, किंवा भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचे पदवीचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण केल्यास, मार्ग मोकळा होतो. अन्यथा श्टुडियनकोलेग हा दोन सत्रांचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून त्याची अंतिम परीक्षा द्यावी लागते. त्याच्या प्रवेशपरीक्षेलाच जर्मनचे मध्यम पातळीचे ज्ञान लागते. पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेत असल्याने तुम्हाला भाषा टाळता येणार नाही. माझा सल्ला असा की गोव्यातच पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यावा आणि त्याच वर्षी जर्मन मन लावून शिकावे. वर्ष वाया जात नाही, आणि बेत बदलला तर परतीची वाट उघडी राहते.

प्रश्न : अभ्यासक्रम इंग्रजीत असेल तर जर्मन शिकणे आवश्यक आहे का? अर्धवेळ नोकरीतून खर्च निघतो का? (पुणे)

उत्तर : प्रवेशासाठी नसली, तरी राहण्यासाठी आणि नोकरीसाठी भाषा आवश्यक आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट असताना निघण्यापूर्वी किमान ए-२ ही प्राथमिक ज्ञानाची दुसरी पातळी न गाठणे हे मी नुकसान समजतो. अर्धवेळ नोकरीसाठी मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. त्यातून घरभाड्याला हातभार लागतो, परंतु पहिल्या सत्रात काम मिळेलच असे धरून हिशेब मांडू नये. जर्मन न येणाऱ्याला सुरुवातीला गोदामातील किंवा उपाहारगृहातील काम मिळते, तर भाषा येणाऱ्याला विद्यापीठातील साहाय्यकाचे किंवा आपल्याच क्षेत्रातील कंपनीतले काम मिळण्याची शक्यता वाढते. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा निवास-परवाना मिळतो. त्या मुदतीत मुलाखती बहुधा जर्मनमध्येच होतात.